नरहर परतूरकर सॉफ्टवेअर निवडतात

फवारणी पंपांच्या कारखान्याचे मालक भागवतराव पुण्याचं प्रदर्शन बघून परत आले, की इकडे जालन्यात नरहर परतूरकरांच्या छातीत धडधड सुरू होई. साहेब तिथून रिकाम्या हाताने कधी येत नसत. एका वर्षी ते 'उभ्याची मीटिंग' घेऊन आले. म्हणजे रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून बोलायचं. पाय दुखायला लागले की माणूस मुद्द्याचं बोलतो, असं त्यामागचं तत्त्व. नरहररावांचे पाय लगेच दुखत, मुद्दा मात्र सुचत नसे. दुसऱ्या वर्षी साहेबांनी पुण्याहून हुद्दे आणले, आणि आयुष्यभर फवारणी पंपांच्या तक्रारी निस्तरत गावोगाव हिंडलेले नरहरराव एका दुपारीत 'प्रॉडक्ट मॅनेजर' झाले. टेबलावर पितळी पाटी आली. घरी बायकोने, उमाबाईंनी, शेजारीपाजारी पेढे वाटले. प्रॉडक्ट मॅनेजरने नेमकं करायचं काय असतं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. आणि पेढे वाटून झाल्यावर असलं काही विचारणं चांगलं दिसत नाही.

या वर्षी साहेब हातातली बॅग तशीच धरून थेट त्यांच्या टेबलाशी आले.

"नरहरराव, सॉफ्टवेअर घ्यायचं."

"बराबर साहेब," नरहरराव म्हणाले. साहेब काहीही म्हणाले की ते आधी 'बराबर' म्हणत आणि मग विचार करत. या क्रमामुळे त्यांची नोकरी आजवर सुखरूप राहिली होती. झोप तेवढी गेली होती.

"अहो, कशाचं ते तर ऐका! तिकडं प्रत्येक कंपनीत प्रॉडक्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर हाय. कोण काय करून राह्यलं, कुठं अडलं, गिऱ्हाईक काय म्हणून राह्यलं, पुढं काय काढायचं, सगळं एका फळ्यावर दिसतं. मोबाईलमधीच फळा! आन आपलं काय हाय? व्हॉट्सॲप!"

हा शेवटचा शब्द साहेबांनी अशा आवाजात उच्चारला की नरहररावांची मान आपोआप खाली गेली. जाण्यासारखंच कारण होतं. कारखान्यात 'वाफसा डबल' नावाचा नवा पंप तयार होत होता. दोन मोटरी, मोठी टाकी, शिवाय बॅटरी किती उरली ते मोबाईलवर दाखवणारं ॲप. डिझाइन बघणाऱ्या राजानंदने एका सकाळी ग्रुपवर लिहिलं, की पंपाचं बटण डावीकडून उजवीकडे नेलं आहे. नेमका त्याच सकाळी अकाउंट्सच्या आदिनाथजींचा वाढदिवस निघाला. राजानंदचं बटण केकांच्या, फुलांच्या आणि हात जोडलेल्या चित्रांच्या ढिगाखाली असं गाडलं गेलं, की पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडलं नाही. आणि छापखान्यातून सगळी खोकी बटण डावीकडे घेऊन छापून आली. आता दोन बायका दिवसभर बसून खोक्यांवर कागदी बटणं चिकटवत होत्या.

"वाफसा डबल बाजारात जायच्या आधी मला फळा पाहिजे," साहेब म्हणाले. "आन निवडायचा तुम्ही. मॅनेजर तुम्ही हाव."

"बराबर," नरहरराव म्हणाले, आणि त्यांना आंबट ढेकर आला.

संध्याकाळी कॉलनीच्या फाटकापाशी हरिओम भेटले आणि बोलत बोलत घरापर्यंत आले. हरिओम म्हणजे शेजारी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कॉलनीतल्या कुठल्याही खरेदीत त्यांचा शब्द शेवटचा असे, आणि पहिलाही.

"सॉफ्टवेअर म्हणजे सोयरीक, नरहरराव," ते म्हणाले. "आधी चौकशी, मंग चहापाणी, मंग बघायचा कार्यक्रम. जल्दी केली का गळ्यात पडलंच समजा. स्थळं किती आली?"

स्थळांचाच तर प्रश्न होता. नरहररावांनी दुपारभर इंटरनेटवर शोध घेतला होता आणि शेकड्याने नावं अंगावर आली होती. प्रत्येकाचं म्हणणं होतं, की जगातल्या उत्तमोत्तम टीम आमच्यावरच विश्वास ठेवतात. सगळ्या उत्तम टीम सगळ्यांवरच विश्वास ठेवत असतील, तर आपल्यासारख्यांनी कुणावर ठेवायचा, या विचाराने त्यांचं डोकं दुखायला लागलं. शब्द तर एकेक असे, की बोलण्याआधी आचमन करावं. रोडमॅप, स्प्रिंट, एपिक. त्यातल्या त्यात 'बॅकलॉग' हा शब्द वाचून त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. बॅकलॉग म्हणजे अनुशेष, आणि मराठवाड्याच्या माणसाला अनुशेष कुणी समजावून सांगायची गरज नसते.

"ज्याला सगळ्यात जास्त बटणं, ते घ्या," हरिओम म्हणाले. "खर्चा करायचाच तर दिसायला पाहिजे."

"सगळ्यात कमी बटणं असतील ते घ्या हो," उमाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "तुम्हाला अजून मिक्सर लावता येत नाही."

दोन्ही सल्ले नरहररावांना पटले. हाच त्यांचा स्वभावदोष होता.

शेवटी त्यांनी तीन नावं काढली. तीनच का, तर आदिनाथजींचा नियम. कारखान्यात सुतळीचा गुंडा घ्यायचा तरी तीन दरपत्रकं लागत. पण तीन दरपत्रकं घेऊन ते अकाउंट्सच्या खिडकीशी गेले, तेव्हा नवीनच संकट उभं राहिलं.

"माल गेटवर कधी येणार?" आदिनाथजींनी चष्म्यावरून विचारलं.

"गेटवर येत नाही तो, आदिनाथजी. सॉफ्टवेअर आहे."

"गेटवर आला न्हाई तर वॉचमनचा शिक्का न्हाई. शिक्का न्हाई तर स्टोअरची पावती न्हाई. पावती न्हाई तर माझी सही न्हाई. वजन किती धरायचं?"

"वजन नसतं त्याला. ते... क्लाउडवर असतं. ढगात."

आदिनाथजींनी तिन्ही कागद नीट जुळवले, टाचणी लावली आणि परत दिले. "मंग पाऊस पडल्यावर या," ते म्हणाले.

त्यात चेष्टेचा लवलेश नव्हता, आणि तेच नरहररावांना जास्त लागलं. पितळी पाटीच्या माणसाला असं खिडकीतून परत पाठवावं? ते जागेवर येऊन बसले. टीममधली तिसरी व्यक्ती म्हणजे मधुवंती, पंपाचं ॲप तयार करणारी, ती म्हणाली, "सर, सगळ्यांचं महिनाभर फुकट वापरून बघता येतं. एखादं सुरू करून बघा ना. आवडलं तर मग सहीचं बघू."

म्हणून नरहररावांनी 'झेंटाफ्लो' नावाचं सॉफ्टवेअर उघडलं. यादीत ते खाली होतं, पण त्याचा रंग शांत वाटला. त्याने आधी नाव विचारलं, मग हुद्दा विचारला. हुद्दा लिहिताना बरं वाटलं. मग विचारलं, तुमच्या प्रॉडक्ट टीममध्ये माणसं किती?

खरं उत्तर होतं, तीन. नरहरराव, राजानंद आणि मधुवंती. पण पहिल्या पर्यायापुढे एकट्याच बसलेल्या माणसाचं केविलवाणं चित्र होतं, आणि शेवटच्या पर्यायापुढे उंच इमारत. नरहररावांच्या कानात खिडकीतलं 'मंग पाऊस पडल्यावर या' अजून वाजत होतं. शिवाय साहेब दर दिवाळीच्या भाषणात 'आपलं पाचशेच्या वरचं कुटुंब' म्हणतच असत. त्यात विक्रेते आले, त्यांची मुलंबाळं आली. तेव्हा हे अगदीच खोटं नव्हे, असं मनाशी म्हणत त्यांनी 'पाचशेहून अधिक'वर बोट ठेवलं.

चहा यायच्या आत फोन वाजला.

"परतूरकर सर? नमस्कार, मी केदार, झेंटाफ्लोमधून, पुण्याहून बोलतोय. सर, पाचशेच्या वरची प्रॉडक्ट टीम, तीही जालन्यात! आमच्या ऑफिसात कुणाचा विश्वासच बसेना. सर, मी स्वतः येऊन तुमच्या टीमला भेटणार."

"अहो, कशाला, इतक्या लांब..."

"असं कसं, सर! तुमच्यासारख्यांसाठी मी रात्रीची गाडी पकडून येईन."

आता खरं सांगायला हवं होतं. 'तीनच आहोत हो' एवढे दोन-तीन शब्द. ते ओठांपर्यंत आलेही, पण बाहेर पडलं ते 'बराबर'. केदारने त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि पुढच्या सोमवारचं तिकीट काढलं.

त्या दिवसापासून नरहररावांचं जेवण सुटलं. फोन वाजला की ते न्हाणीघरात जात. उमाबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट समोरून काढून घेतलं, तेव्हा कुठे ते बोलले.

"अहो, मग सांगून टाका ना त्याला खरं! खाणार आहे का तो तुम्हाला?"

"सांगतो. सोमवारच्या आत सांगतो." आणि त्यांनी पित्ताची आणखी एक गोळी घेतली.

निदान सोमवारपर्यंत फळ्यावर काहीतरी दिसावं, म्हणून शनिवारी त्यांनी तो पुन्हा उघडला. 'आपल्या टीमला बोलवा' असं एक बटण होतं. ते त्यांनी दाबलं. 'तुमचे संपर्क पाहू का?' असं सॉफ्टवेअरने अदबीने विचारलं. इतक्या अदबीने त्यांना कारखान्यात कुणी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी परवानगी दिली, आणि राजानंद-मधुवंतीची नावं शोधण्यासाठी चष्मा पुसायला घेतला. चष्मा पुसून होईतो निमंत्रणं गेलेली होती. सगळ्यांना. नरहररावांच्या फोनमध्ये आयुष्यभर साठलेल्या एकूण एक माणसाला. मजकूर असा: 'नरहर परतूरकर आपली वाट पाहत आहेत. आपल्याकडील काम प्रलंबित आहे.'

पहिला फोन दाताच्या डॉक्टरांचा. "माझ्याकडचं काम प्रलंबित? परतूरकर, रूट कॅनाल अर्धं टाकून तुम्ही पळालात!" मग गॅस एजन्सीवाला. मग मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक. आणि मग राजूरहून गिरिजाबाई, म्हणजे प्रत्यक्ष सासूबाई. त्यांचा आवाज कापत होता.

"जावईबापू, काय राह्यलं हो आमच्याकडून? लग्नातला सफारीचा कपडा राह्यल्ता, तेच का? इतकी वर्षं मनात धरून बसले?"

"अहो आई, न्हाई हो! ते कॉम्प्युटरनं पाठवलं."

"कॉम्प्युटरला कुणी सांगितलं सफारीचं?"

उमाबाई फोन घेऊन आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, पण नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

एवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. पण निमंत्रण म्हटल्यावर आपल्याकडे माणसं येतात. हरिओम तर निमंत्रण हातात नाचवतच घरी आले. आत कसं शिरायचं ते त्यांना दाखवताना नरहररावांचं बोट कुठल्याशा रकान्याला लागलं, आणि हरिओम त्या फळ्याचे मुख्य व्यवस्थापक होऊन बसले. ही गोष्ट नरहररावांना कळली नाही. हरिओमना लगेच कळली. त्यांनी फळ्यावर पहिली नोंद केली: 'कॉलनीतली पाण्याची टाकी धुऊन घेणे.' त्या नोंदीपुढे एक वर जाणारा बाण होता. ज्याला पटेल त्याने तो दाबायचा. ज्याचे बाण जास्त, ती नोंद वर. कॉलनीने भराभर बाण दाबले. गिरिजाबाईंच्या वतीने कुणीतरी 'चतुर्थीला सहकुटुंब राजूरला येणे' असं लिहिलं. मंगल कार्यालयवाल्यांनी तिथीच टाकल्या. वाफसा डबल कुठेतरी खाली गेला. नरहरराव पुसायला गेले, तर सॉफ्टवेअर म्हणालं, 'आपल्याला हा अधिकार नाही. कृपया हरिओम यांच्याशी संपर्क साधा.'

हरिओम म्हणाले, "पुसतो की. पण लोकांनी मत दिलंय, नरहरराव. आधी टाकी होऊ द्या."

त्यानंतर नरहररावांनी फळा बंद केला तो केलाच. फोन त्यांनी तूरडाळीच्या डब्यात ठेवला. डब्यातून तो अधूनमधून कण्हत राही.

सोमवार उजाडला. कारखान्यात गडबड होती, कारण वाफसा डबलचा पहिला माल त्याच दिवशी निघायचा होता. मालमोटारी लागल्या होत्या, खोकी चढत होती. केदार आला. हसरा, इस्त्रीचा सदरा, पाठीला बॅग. फाटकातून येतानाच त्याची नजर पाचशे माणसं शोधत होती. आणि नेमकं त्याच वेळी मधुवंतीने नरहररावांना जिन्यात गाठलं.

"सर, फळा बघितलात का?"

"तुला सगळं माहीतच आहे, मधुवंती. त्या टाकीवरून आता चेष्टा नको."

"टाकीच्या खाली बघा सर. बरंच खाली. तुमच्या फोनमध्ये आपले विक्रेते होते, आणि ज्यांना आपण वाफसा डबल आधी वापरायला दिला ते शेतकरीही होते. तेही आलेत." तिने फोन पुढे धरला.

नरहररावांनी तिथेच, जिन्याच्या पायरीवर, वाचलं. टेंभुर्णीच्या विक्रेत्याने लिहिलं होतं: 'टाकी भरली की पट्ट्याची कडी वाकते.' भोकरदनकडच्या कुणीतरी लिहिलं होतं: 'कडी निसटली, पंप बांधावर आपटला.' आणि वाटूरहून बेबीनंदा नावाच्या बाईने बोलून लिहिलेला मजकूर होता: 'मी फवारून राह्यल्ते. कडी तुटली आन पंप कलंडला. औषध सगळं पाठीवर. विहिरीवर जाऊन आंघोळ केली, घरी आले तं चक्कर आल्ती. आता बरं हाय. माझं झालं ते झालं, दुसऱ्याला देऊ नका.' तिच्या नोंदीपुढे बाणावर बाण चढले होते. शनिवारपासून. डाळीच्या डब्यात फोन कण्हत होता तो यासाठी.

बाहेर खोकी चढल्याचे आवाज येत होते.

हॉलमध्ये साहेब बसले होते, शेजारी आदिनाथजी, पलीकडे राजानंद. केदारने भिंतीवर पडदा लावला आणि उत्साहाने विचारलं, "सर, बाकीची टीम दुसऱ्या इमारतीत आहे का?"

"बाकीची कोणती?" साहेबांनी विचारलं.

नरहरराव उभे राहिले. "केदार, आमची टीम तीन जणांची आहे," ते म्हणाले. "पाचशे मी लिहिलं. इमारतीचं चित्र बघून लिहिलं. चूक माझी."

केदार खुर्ची ओढून हळूच बसला. "तीन जणांना आमचं सॉफ्टवेअर कायम फुकटच असतं, सर," तो म्हणाला. रात्रभरच्या प्रवासाचा शीण त्याच्या चेहऱ्यावर एकदमच उमटला.

"फुकट?" आदिनाथजींचा चेहरा मात्र उजळला.

तेवढ्यात पडद्यावर फळा उघडला. 'वाफसा प्रॉडक्ट टीम. प्राधान्य पहिलं: कॉलनीतली पाण्याची टाकी धुऊन घेणे.' राजानंदला खोकल्याची उबळ आली. आदिनाथजी मोठ्याने वाचत गेले. "चतुर्थीला सहकुटुंब... हे काय हाय, परतूरकर?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. आता लॅपटॉप मिटावा आणि घरी जाऊन पांघरूण घ्यावं, असं नरहररावांना मनापासून वाटलं. मिटण्यासाठी त्यांनी हातही पुढे केला. पण बाहेर कुणीतरी ओरडलं, "ही गाडी भरली, दोर बांधा!" आणि त्यांचा हात लॅपटॉप मिटायच्या ऐवजी फळ्यावर खाली खाली सरकू लागला. टाकी गेली, तिथी गेल्या. वाटूरची नोंद पडद्यावर आली आणि नरहररावांनी ती वाचली.

राजानंद खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी जाड कडी सांगितल्ती. ग्रुपवर टाकल्तं. बटणाच्याच दिवशी."

साहेबांनी रुमालाने कपाळ टिपलं. "हे बघा. हजारात एखादी कडी तुटतेच. फवारणीचा हंगाम काय थांबत न्हाई, आन विक्रेत्यांना मी आजची तारीख देऊन बसलो. माल जाऊ द्या, मागून कड्या पाठवू." ते उठले. "काय नरहरराव, बराबर हाय का न्हाई?"

सवयीने ओठ उघडले. तो शब्द जिभेवर येऊनही बसला. पण डोळ्यांसमोर एक ओली पाठ होती, कधी न पाहिलेल्या बाईची.

"न्हाई साहेब," नरहरराव म्हणाले. "बराबर न्हाई."

"काय?"

"बराबर न्हाई. एकही पंप जाऊ देऊ नका. मला काढून टाका, पाटी काढून घ्या, पण हे जाऊ देऊ नका."

बोलून झाल्यावर तेच इतके घाबरले की त्यांनी टेबलाची कड धरली. साहेब तडक अंगणात गेले. सगळे मागोमाग. साहेबांनी गाडीवरचं एक खोकं उतरवून घेतलं, पंप काढला, नळाखाली काठोकाठ भरला आणि स्वतःच्या पाठीवर चढवला. पांढरा झब्बा, पाठीला हिरवा पंप, अशा थाटात ते मालमोटारींच्या मधून चालू लागले. एक फेरी झाली. हमालांनी काम थांबवलं. दुसऱ्या फेरीत साहेब विजयाने वळले, तोंड उघडून काही म्हणणार, तोच कट्‌ आवाज झाला. पंप एका खांद्यावर लोंबकळला, झाकण उडालं, आणि टाकीभर पाणी साहेबांच्या मानेपासून धोतरापर्यंत वाहिलं.

हसण्यासारखंच दृश्य होतं. पण कुणी हसलं नाही. साहेब तसेच निथळत उभे राहिले. हात मागे नेऊन त्यांनी ओली पाठ चाचपली, आणि बोटं नाकाशी धरून हुंगली. पाणीच होतं, तरी हुंगली.

"गाड्या खाली करा," ते म्हणाले. मग राजानंदकडे वळून, "जाड कडी कधी मिळल?" आणि जाता जाता, मागे न बघता, "नरहरराव, त्या पुण्याच्या पाव्हण्याला जेवू घालून पाठवा. आन फळा हाच ठेवा. टाकी तेवढी काढा त्याच्यावरची."

केदारला नरहररावांनी घरी नेलं. पानावर बसताना त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं, की वरिष्ठांना काय सांगावं हे त्याला कळत नाहीये. नरहरराव म्हणाले, "माझं नाव सांगा. म्हणावं, एका घाबरट माणसाने फसवलं." त्यावर उमाबाईंनी केदारला तिसरी पोळी वाढली आणि नरहररावांनाही वाढली. शनिवारनंतर पहिल्यांदाच.

जाड कड्या यायला वेळ लागला. काही विक्रेते चिडले, दोघांनी दुसऱ्या कंपनीचा माल भरला, साहेब आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. पाटी मात्र टेबलावरून कुणी काढली नाही. आणि कपाशी कमरेला लागली तेव्हा, नवा पंप एसटीच्या टपावर टाकून, नरहरराव स्वतः वाटूरला गेले.

बेबीनंदा पन्नाशीच्या आतबाहेरची, उभ्या अंगाची बाई होती. तिने माफी वगैरे मागू दिली नाही. "माणसानं मेसेज वाचला, हेच लई झालं," ती म्हणाली. पंप साध्या पाण्याने भरला, पाठीवर घेतला आणि कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात शिरली. नरहरराव बांधावर उभे राहिले. त्यांची नजर कडीवरून हलेना. बेबीनंदा वाकली की यांचा श्वास थांबे. ती सरळ झाली की सुटे. एक ओळ संपली, दुसरी संपली. मुद्दाम उड्या मारल्यासारखी ढेकळांतून ती परत आली आणि कडीवर थाप मारून म्हणाली, "पक्की हाय."

नरहररावांना वाटलं, आता इथेच मटकन बसावं. पण एसटीची वेळ होत आली होती. त्यांनी पिशवी उचलली, नमस्कार केला आणि निघाले.

"थांबा की साहेब," बेबीनंदा म्हणाली. "नळीचं सांगायचं हाय. आन झाकणाचं. आन ते मोबाईलातलं तुमचं ॲप हाय ना, त्याचं तं लई सांगायचं हाय. का घाई हाय तुम्हाला?"

नरहररावांची छाती पुन्हा धडधडू लागली. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, लांबवर धुरळा उडवत एसटी येत होती. मग ते ऑफिसच्या पँटसकट बांधावर बसले, खिशातून फोन काढला, फळा उघडला आणि म्हणाले,

"न्हाई, घाई न्हाई. सांगा बाई. आधी नळी."